कातडीखालचं पाणी

आईची नजर पूर्ण गेली, त्यानंतर चौथ्या वर्षी तिने घरात मांजरीला सलाईन द्यायला सुरुवात केली. मांजर तिच्या मांडीवर, सुई तिच्या हातात. हे सांगितलं की लोक आजही माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी आंधळ्या बाईला उकळत्या तेलासमोर बसवून निघून गेले होते. बघू देत. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

आई कल्याणला सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या नात्यागोत्यात नर्सिंग शिकलेली ती पहिली. सुरुवातीला ड्यूटी संपली की घरोघरी इंजेक्शनं द्यायलाही जायची. एका घरी अंथरुणाला खिळलेले एक आजोबा होते, त्यांचा दहा दिवसांचा कोर्स होता. तिथल्या सुनेने पहिल्या दिवशी आईचं आडनाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी चहाचा कप वेगळा निघाला, कान तुटलेला. आईने त्या कपाला हात लावला नाही. इंजेक्शन मात्र दहाही दिवस दिलं. शेवटच्या दिवशी पिशवी उचलताना म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांच्या अंगात माझ्या हाताने औषध गेलंय. ते आता वेगळं कसं काढायचं, ते तुम्ही बघा." ही हकीकत तिने आम्हाला एकदाच सांगितली, तीसुद्धा मेथी निवडता निवडता.

मग काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, नंतर समोरचंही धूसर व्हायला लागलं. एके दिवशी वॉर्डात तिने औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगळं वाचलं. बाटली तशीच ट्रेमध्ये ठेवून तिने दुसऱ्या नर्सला हाक मारली आणि संध्याकाळी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून दिला. तिला कुणी काढलं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं.

माझं लग्न दोन वर्षांत आटोपलं होतं आणि मी आईकडे परत आलेले. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं तळमजल्याचं घर. मी ठाण्याला एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बायकामुलांसह कळव्याला राहायचा. आईचे डोळे गेल्यावर सगळे नियम दादाने केले. आईने गॅसला हात लावायचा नाही. सुरी, विळी, काडेपेटी वरच्या फळीवर. एकटीने दाराबाहेर जायचं नाही. दादा वाईट माणूस नव्हता, त्याला आईची काळजी होती. पण हळूहळू असं झालं की आई सकाळी खुर्चीत बसायची ती मी परत येईपर्यंत तिथेच. लसूण सोलायची, रेडिओ ऐकायची. मला ते बरं वाटायचं असं नाही, पण सोयीचं होतं. हेही खरंच आहे.

मांजर आमच्याकडे आली ती कोळणीच्या मागून. खाडीच्या बाजूची एक वयस्क कोळीण आठवड्यातून तीनदा मासे घेऊन यायची. एकदा तिच्या पाटीमागून पट्ट्यापट्ट्यांचं एक पिल्लू आलं आणि आमच्या ओट्याखाली राहिलं. त्याला कधी नाव ठेवलं नाही. आई तिला नुसतं "अगं" म्हणायची आणि ती यायची. डोळे गेल्यावर तर आईच्या खुर्चीशेजारी दिवसभर असणारी तेवढीच एक होती.

आईची नजर जाऊन चौथं वर्ष चालू होतं, मांजर तेव्हा नऊ-दहा वर्षांची झाली असेल. एका आठवड्यात तिने मांदेलीला तोंड लावलं नाही. कोळणीच्याच ते आधी लक्षात आलं. "ए बाय, ही मांजरी खात का न्हाय गो?" ती दारातून म्हणाली. मी म्हटलं, उन्हाने असेल. आई म्हणाली, "ऊन नाही. दिवसभर बादलीतलं पाणी पितेय, मला ऐकू येतं. आणि हात लावून बघ." तिने मांजरीच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सोडली. ती उचललेली तशीच उभी राहिली, बऱ्याच वेळाने खाली बसली. मग आईने मांजरीचं तोंड नाकाशी धरलं. "युरिया वाढलेल्या पेशंटच्या तोंडाला असाच वास येतो," ती म्हणाली. "हिच्या किडन्या गेल्यात. डॉक्टरकडे ने, आणि मलाही ने."

तेव्हा आमच्या भागात कुत्र्या-मांजरांचा असा डॉक्टर नव्हता. कुणीतरी सांगितलं की शहाडच्या बाजूला तबेल्यांत म्हशी बघणारे एक डॉक्टर आहेत, ते मांजरही बघतील. झाकणाच्या टोपलीत मांजर, माझ्या खांद्यावर आईचा हात, अशा आम्ही रिक्षाने गेलो. डॉक्टर गमबूट घालून एका म्हशीचा पाय धुवत होते. त्यांनी हात धुतले, पत्र्याच्या टेबलावर मांजर तपासली आणि रक्त काढून बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. "डोंबिवलीत माणसांच्या लॅबमध्ये द्या. मांजरीचं आहे असं सांगितलंत तर घेणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

लॅबमध्ये फॉर्म भरायचा होता. पेशंटचं नाव, वय, पत्ता. मी आईचं नाव लिहिलं आणि आईचं वय लिहिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले, तर लॅबवाल्याने तो माझ्या हातात दिलाच नाही, आधी काउंटरच्या बाहेर आला.

"ताई, आजी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. घरी लसूण सोलतायत."

"लसूण सोलतायत?" त्याने पुन्हा कागदाकडे बघितलं. "ताई, त्यांना आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. इथे उभ्या राहू नका."

मी मान हलवली आणि रिपोर्ट घेऊन निघाले. असली मुलगी कुणाच्या पोटी येऊ नये, अशा नजरेने तो बघत होता.

म्हशींच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सरळ सांगितलं. "आईंनी ओळखलं ते बरोबर आहे. किडन्या परत येत नाहीत. एक तर हिला इंजेक्शन देऊन कायमची झोपवू. नाहीतर रोज हिच्या कातडीखाली पाणी द्यायला लागेल, सलाईनचं. शिरेत नाही, कातडीखाली. त्याने ती काही महिने आरामात काढेल. पण रोज हिला इथे आणणार कोण, आणि घरी टोचणार कोण?"

सुई बघितली की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. नर्सची मुलगी असून येते, आणि त्यावरून मी जन्मभर बोलणी खाल्लीत.

"मी टोचेन," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, तुम्हाला दिसत नाही."

"शीर शोधायचीय का?"

"नाही."

"मग बघायचं काय आहे त्यात? कातडी तंबूसारखी उचलायची, खालच्या पोकळीत सुई घालायची. पोकळी बोटांना कळते. तुम्ही म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालता तेव्हा आत काय दिसतं तुम्हाला?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाटली लावली, नळीतली हवा काढली आणि सुई आईच्या हातात दिली. आईने अंगठ्याने सुईच्या टोकाचा उतार कुठल्या बाजूला आहे ते चाचपलं. डाव्या हाताने मांजरीच्या दोन खांद्यांच्या मधली कातडी उचलली, तर्जनीने मध्ये खळगा केला आणि सुई आत घातली. मांजरीचा कान नुसता हलला. "सोडा," आई म्हणाली. डॉक्टरांनी नळीवरची चक्री सैल केली. पाणी चाललं. मांजरीच्या पाठीवर लिंबाएवढा फुगा आला, मग संत्र्याएवढा झाला. आईने त्यावर तळवा ठेवला होता.

"कुठे होतात तुम्ही, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

तिला सिस्टर म्हणून हाक मारणारं माणूस नोकरी सोडल्यापासून भेटलं नव्हतं. तिने दवाखान्याचं नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला, किती वर्षं ते सांगितलं. रिक्षात ती ताठ बसली होती.

घरी आम्ही खिडकीच्या वर एक खिळा ठोकला. मी ऑफिसातून आले की तपेल्यात कोमट पाणी घेऊन बाटली त्यात ठेवायची, कारण गार पाणी आत गेलं की मांजर कण्हते. आई मनगटावर थेंब पाडून बघायची. मग खाली सतरंजी, आईने पाय पसरलेले, मांडीवर जुना टॉवेल, त्यावर मांजर. बाटलीवरचे आकडे मी वाचायचे आणि चक्री मी फिरवायची. सुईकडे मी बघायचेच नाही. शंभर मिली झालं की मी सांगायचे, आई सुई काढून तिथे बोट दाबून धरायची. पाठीवरचं पाणी हळूहळू एका पायाकडे उतरायचं आणि मांजर तास-दोन तास एका बाजूने जाड दिसायची. चार दिवसांनी तिने बोंबलाचा तुकडा खाल्ला. दहा दिवसांनी खिडकीत चढली.

बिल्डिंगमध्ये कळायला वेळ लागला नाही. बाटल्या आणताना लोक बघायचेच. वरच्या मजल्यावरची बाई मला जिन्यापाशी गाठून म्हणाली, "माणसांना सलाईन मिळत नाही आणि तुम्ही मांजरीला लावता, जरा विचार करायला हवा." मी म्हटलं, "कुणाच्या हातातली काढून आणलेली नाही. तुम्हाला कधी लागली तर सांगा, आई लावून देईल." ती मला परत काही बोलली नाही. माझ्या पाठीमागे बोलली असेल. त्याचं मला काही नव्हतं.

महिनाभराने एका संध्याकाळी मी आले, तर बाटलीतलं पाणी शंभर मिलीने उतरलेलं. सकाळी ती भरलेली होती. मी विचारलं. आई म्हणाली, "दुपारी दिलं. कोळीण आली होती, तिने धरलं."

"आणि आकडे कुणी वाचले?"

"आकडे कशाला? चक्री पूर्ण सोडली की रेडिओवरच्या बातम्या होईपर्यंत शंभर जातं. मी पाच-सहा दिवस मोजून बघितलं तुझ्याबरोबर."

मी चिडले. दादा बोलायचा तसंच मी बोलले. सुई कुठे लागली असती, बाटली डोक्यावर पडली असती, कोळीण म्हणजे काय नर्स आहे का. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू सात वाजता येतेस, कधी आठ. तिला दुपारनंतर मळमळतं, मला कळतं ते. मी तुझी वाट बघत बसणार नाही."

मला राग आला होता तो मांजरीच्या काळजीने नव्हता. माझ्याशिवाय तिचं चाललं, त्याचा होता. हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्यानंतर दुपारचंच ठरलं. कोळीण येईल त्या दिवशी कोळीण धरायची, येणार नाही त्या दिवशी आई मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून एकटीच द्यायची. मी फक्त सकाळी बाटली टांगून, नवी सुई काढून ठेवायचे. खिडकीतल्या उन्हाने बाटली दुपारपर्यंत आपोआप कोमट व्हायची.

मग तो रविवार आला. दादा महिना-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी यायचा, बाटली लागल्यापासून पहिल्यांदाच आला होता. लाइटचं बिल कुठेय म्हणून त्याने टीव्हीखालचा खण उघडला. मी आत चहा करत होते. बाहेर एकदम शांत झालं म्हणून डोकावले, तर दादा भिंतीला टेकून उभा आणि हातात तो लॅबचा रिपोर्ट. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"किती दिवस?" तो म्हणाला. "किती दिवस लपवताय माझ्यापासून?"

माझ्या लक्षात यायच्या आत तो आईच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. मी दादाला त्याआधी फक्त बाबा गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "अरे, काय झालं?"

मी म्हटलं, "दादा, तो रिपोर्ट आईचा नाही. मांजरीचा आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मी दोनदा सांगितलं. तो उठला, डोळे पुसले, कागद पुन्हा वाचला. मग त्याचा आवाज चढला. "मांजरीच्या रक्ताला आईचं नाव दिलंस तू?"

"मांजरीचं म्हटलं असतं तर घेतलं नसतं."

"आणि हे काय?" खिडकीवरची बाटली आत्ता त्याला दिसली. "तू देतेस? तुला तर चक्कर येते."

"मी देते," आई म्हणाली.

पुढची पाच मिनिटं दादा बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. तो म्हणाला, आंधळ्या बाईच्या हातात सुया देता. म्हणाला, मी तिकडे रोज जीव मुठीत धरून असतो आणि इथे हा खेळ चालतो. म्हणाला, आईला आज कळव्याला घेऊन जातो, तिथे ती सुखाने एका जागी बसेल.

"एका जागी चार वर्षं बसले," आई म्हणाली. "आता उठलेय. वेळ झालीच आहे, बस तू. बघ."

ती खुर्चीतून उतरून सतरंजीवर बसली. "अगं," तिने हाक मारली, आणि ओट्याखालून मांजर आली. खरं तर मांजरांना हे आवडत नाही, पळून जातात. पण ती आली आणि मांडीवर बसली. आईने नळी चाचपली, सुईचं टोपण काढलं, अंगठ्याने उतार बघितला. दादा दोन पावलं पुढे झाला आणि थांबला. आईने कातडी उचलली, सुई घातली, चक्री स्वतःच सोडली. त्या दिवशी मीही बघितलं, सुई आत जाईपर्यंत. मला चक्कर आली नाही.

"उद्या बोटात घुसली म्हणजे?" दादाने विचारलं.

"घुसली ना. दोनदा घुसली. डोळे होते तेव्हा कितीतरी वेळा घुसली, तेव्हा तू काही म्हणाला नाहीस." पाणी चाललं होतं, तिचा तळवा मांजरीच्या पाठीवर होता. "अरे, लेबल वाचायला डोळे लागतात. ते काम माझं मी सोडलं, कुणी सांगायच्या आधी. जे जमत नाही ते मला कळतं. जे जमतं तेही कळतं. ते तू ठरवू नकोस."

दादा चहा न घेता गेला. दोन-अडीच महिने आला नाही. वहिनीचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा, ती सगळ्यांची चौकशी करायची आणि मांजरीचा विषय टाळायची. पुढे तो यायला लागला, पण त्याने हे कधी मान्य केलं नाही. आजही विषय निघाला की तो म्हणतो, नशीब की काही झालं नाही. मी म्हणते, नशिबाचा त्यात काही संबंध नाही.

तो गेला त्याच आठवड्यात आईने मला वरच्या फळीवरून काडेपेटी काढून द्यायला लावली. गॅसचं बटण, शेगडी, तवा, सगळं हाताने चाचपून तिने चार वर्षांनी भाकरी केली. पहिली करपली. दुसरी मी खाल्ली आणि तिसरीही. मग विळी खाली आली. मग एकदा मी घरी आले तर दाराला कुलूप. आई कोळणीबरोबर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली होती, सुया संपल्या म्हणून. दुकानदाराने विचारलं, पेशंट कोण? आई म्हणाली, घरचंच आहे.

मांजर सव्वा वर्ष जगली. डॉक्टरांनी काही महिने म्हटलं होतं. त्या सव्वा वर्षात ती खिडकीत बसली, कोळणीच्या पाटीत तोंड घालून शिव्या खात राहिली, एकदा वरच्या मजल्यावरच्या त्याच बाईच्या घरात जाऊन दूध सांडून आली. आजारी मांजरीसारखी ती फार थोडे दिवस वागली.

मग एका दुपारी पाणी उतरेना. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. रोज तासाभरात जिरणारा फुगा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, मऊ आणि थंड, पंजाशी येऊन लोंबलेला. आईने दुसऱ्या दिवशी निम्मंच दिलं. तेही जिरलं नाही. तिने मांजरीच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, नाकापासून शेपटीपर्यंत, वॉर्डात एखाद्या पेशंटला तपासतात तसा. मग सतरंजीवरून उठली, भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली आणि बाटली स्वतःच्या हाताने खाली काढली.

"आता नको," ती म्हणाली. "आता ते तिच्या कामाचं नाही."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. ती म्हणाली, विचार हवं तर. मी पीसीओवरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे.

दोन दिवसांनी, भर दुपारी, मांजरीने आईच्या मांडीवर जीव सोडला. कोळीण तेव्हा आलेली होती, पाटी बाहेर ठेवून आत बसली होती. तिनेच बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, कोयत्याने माती उकरायला घेतली. मी फावडं मागून आणलं. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून आली आणि खड्ड्याच्या कडेला खाली बसली.

आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, इथे पुरायचं नाही, उद्या प्रत्येक जण काहीबाही पुरेल, कोपऱ्यावर कचराकुंडी आहे. मी बोलणार होते, पण आईने मला हाताने थांबवलं. "आमच्या घरचं माणूस कचराकुंडीत टाकत नाही आम्ही," ती म्हणाली. "तुमची काय तक्रार असेल ती लिहून द्या, मुलगी वाचून दाखवेल."

ते तिथेच उभे राहिले. कोळणीने मांजरीला टॉवेलसकट आत ठेवलं, आम्ही माती ओढली. आईने हातांनी वरची माती सपाट केली, हात जोडले आणि बुद्धवंदना म्हणायला सुरुवात केली, माणसासाठी म्हणतात तशी, सावकाश, एकही ओळ न गाळता. कोळणीला ती येत नव्हती, तरी तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

सेक्रेटरींनी थोडा वेळ वाट बघितली. आई मध्ये श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं का, बाई?"

"नाही," आई म्हणाली. "अजून बाकी आहे." आणि तिने पुढची ओळ घेतली.